कोरोनरचं बिल आधी शोधा

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या मृत्यूची कोरोनरने, म्हणजे अचानक किंवा अनैसर्गिक मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, चौकशी केली होती एवढं कळलं, की शोधणारा थेट त्या चौकशीच्या फायलीमागे लागतो. आम्हीही सुरुवातीला तेच करायचो. फाइल बहुतेक वेळा हाती लागत नाही. मग चार दिवस कॅटलॉग चाळून ‘नोंद नष्ट’ असा शेरा मारला जातो आणि विषय तिथेच थांबतो. तो शेरा पुष्कळदा अर्धाच खरा असतो. मेलेल्या माणसाबद्दलचा कागद जपावा असं त्या काळी फारसं कुणाला वाटलं नाही. पण चौकशीपोटी कुणाला किती पैसे द्यायचे, कुणाची मालमत्ता सरकारजमा करायची, याचा कागद जपणं भाग होतं. म्हणून चौकशी कुठल्याही शतकातली असो, आमचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: यात पैसे कुणाचे होते आणि हिशेब कुणाला द्यायचा होता? ज्याला हिशेब द्यायचा, त्याच्या दप्तरात शोध सुरू करायचा.

एका चौकशीतून निघालेले कागद एका जागी राहत नसत, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. ज्यूरी जमवण्याचा हुकूम कॉन्स्टेबलकडे जायचा. दफनाची परवानगी चर्चच्या माणसाच्या हातात पडायची आणि खड्डा बुजला की तिचं काम संपायचं. ती आज जवळजवळ कुठेच सापडत नाही. साक्षीदारांच्या जबान्या साध्या कागदावर उतरवल्या जायच्या. निष्कर्ष, म्हणजे इन्क्विझिशन, मात्र चर्मपत्रावर लिहिला जायचा आणि खाली ज्यूरीतल्या माणसांच्या सह्या नि मोहरा पडायच्या. किमान बारा जणांचं एकमत लागायचं. कोरोनरचं बिल आणखी तिसरीकडेच. जबान्या लेखी घेऊन न्यायाधीशांकडे पाठवायची सक्ती सोळाव्या शतकाच्या मध्यात, मेरी राणीच्या काळात, कायद्याने आली. पण ती फक्त खून आणि मनुष्यवधापुरती. विहिरीत पडलेलं पोर, गाडीखाली आलेला गडी, गळफास घेतलेली बाई यांच्याबद्दल शेजारीपाजारी काय बोलले ते कोरोनरने स्वतःपाशी ठेवलं किंवा टाकून दिलं. इन्क्विझिशन मिळालं म्हणजे जबान्याही मिळतील अशी आशा धरू नये.

शोधाची पहिली पायरी म्हणजे तारीख पक्की करणं. मृत्यू १ जुलै १८३७ नंतरचा असेल तर आधी मृत्यूचा दाखला मागवावा. चौकशी झालेली असली की माहिती देणाऱ्याच्या रकान्यात नातेवाइकाऐवजी कोरोनरचं नाव असतं, त्याचा हद्दीचा भाग असतो आणि बहुधा चौकशीची तारीखही. या तीन गोष्टी मृत्यूच्या कारणापेक्षाही जास्त उपयोगाच्या, कारण पुढचा सगळा शोध कोरोनरच्या नावावर आणि हद्दीवर चालतो. एक अडचण नेहमी येते. चौकशी तहकूब झाली तर नोंदणी लांबते, आणि मार्चमध्ये मेलेला माणूस पुढच्या तिमाहीच्या सूचीत सापडतो. सूचीत नाव नाही म्हणून परत फिरण्याआधी पुढच्या दोन तिमाह्या बघाव्यात.

१८३७ च्या आधी दाखला नाही. तिथे दफनाची नोंदवही हाच आधार. काही पाद्री ‘बुडून’ किंवा ‘कोरोनरच्या हुकमाने’ असे दोन शब्द जोडत, काही नुसतं नाव लिहीत. जुन्या कागदांवर तारीखही सरळ नसते. ‘तिसऱ्या जॉर्जच्या चौदाव्या वर्षी, १२ मार्च’ असं असेल तर राज्यारोहणाचा दिवस बघून मोजायचं: तो २५ ऑक्टोबर १७६० ला गादीवर आला, म्हणून चौदावं वर्ष २५ ऑक्टोबर १७७३ पासून धरायचं आणि तो मार्च १७७४ चा. १७५२ पूर्वी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे कागदावरचा फेब्रुवारी १७४० हा आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७४१. ही एक चूक अख्खं वर्ष चुकीच्या गठ्ठ्यात घालवायला पुरते.

आता पैशाचा माग. कोरोनरचं पद ११९४ मध्ये आलं, तेच राजाच्या हक्कांची राखण करायला. खुन्याची मालमत्ता, आत्महत्या करणाऱ्याची मालमत्ता, ज्या वस्तूने माणूस मेला त्या वस्तूची किंमत, हे सगळं राजाचं. त्या वस्तूला डिओडँड म्हणत: कधी गाडीचं चाक, कधी घोडा, कधी पाण्याची पिंपं. कोरोनरने आपल्या नोंदींच्या गुंडाळ्या फिरत्या न्यायाधीशांपुढे ठेवायच्या, न्यायाधीशांनी त्या गावकऱ्यांच्या सांगण्याशी ताडून बघायच्या, आणि मेळ बसला नाही तर दंड करायचा. या तपासणीमुळेच त्या गुंडाळ्या राजाच्या दप्तरात पोचल्या आणि आज लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘जस्ट २’ या मालिकेत आहेत. त्यांतल्या काही न्यायाधीशांपुढे ठेवण्यासाठी नव्याने लिहून काढलेल्या प्रती आहेत, घटनेच्या जागी केलेल्या नोंदी नव्हेत. अक्षर एकसारखं, शाई एकच आणि खाडाखोड नाही असं दिसलं, की तो संशय धरूनच वाचावं.

१४८७ च्या कायद्याने कोरोनरला खुनाच्या चौकशीमागे १३ शिलिंग ४ पेन्स ठरवून दिले, ते खुन्याच्या मालमत्तेतून, आणि चौकशीचे कागद तुरुंगातल्या कैद्यांचे खटले चालवणाऱ्या न्यायाधीशांकडे द्यायला लावले. त्यांच्याकडून ते किंग्ज बेंच या राजाच्या वरिष्ठ न्यायालयात जात. म्हणून सोळाव्या आणि सतराव्या शतकातल्या चौकश्या ‘केबी ९’ मालिकेत शोधायच्या. तिथली मांडणी काउंटीवार, म्हणजे जिल्हावार, नाही, न्यायालयाच्या सत्रांप्रमाणे आहे. एका दोरीत ओवलेली शेकडो पानं उलटत डाव्या समासातलं काउंटीचं नाव वाचत जावं लागतं. भाषा लॅटिन, तीही संक्षेपांची. १७३३ पर्यंत हेच, मधली १६५० च्या दशकातली वर्षं सोडून. ज्या प्रकरणात आरोपी उभा राहिला, तिथे इन्क्विझिशन असाइझ न्यायालयाच्या, म्हणजे फिरत्या न्यायाधीशांच्या न्यायालयाच्या, आरोपपत्रांच्या गठ्ठ्यात गेलेलं असतं, ते वेगळं बघायचं. वेल्समधल्या चौकश्या ग्रेट सेशन्स न्यायालयाच्या तुरुंग-फायलींत असतात. त्या १८३० पर्यंतच्या, अ‍ॅबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररीत. स्कॉटलंडमध्ये कोरोनर नव्हताच, तिथे प्रोक्युरेटर फिस्कलची, म्हणजे सरकारी वकिलाची, कागदपत्रं, हा पूर्ण निराळा मार्ग.

मालमत्ता जप्तीचा जोर कमी झाला तशी किंग्ज बेंचकडे कागद पाठवायची शिस्तही ढिली पडली. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १७५२ पर्यंतचा काळ बहुतेक काउंट्यांत सगळ्यात विरळ. या साठ वर्षांतला मृत्यू शोधणाऱ्याला आम्ही आधीच सांगून ठेवतो, की कागद मिळाला तर नशीब.

१७५२ पासून चित्र एकदम पालटतं. नव्या कायद्याने प्रत्येक चौकशीमागे २० शिलिंग आणि घरापासून जावं लागलेल्या अंतराचे मैलाला ९ पेन्स, काउंटीच्या करातून, असं कोरोनरला ठरवून दिलं. पैसे हवे तर काउंटीच्या क्वार्टर सेशन्समध्ये, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या तिमाही बैठकीत, बिल टाकायचं, आणि चौकशी झाल्याचा पुरावा म्हणून इन्क्विझिशनही पुष्कळ जण सोबत जोडायचे. १८६० पर्यंत हीच पद्धत चालली. ही १०८ वर्षं म्हणजे शोधणाऱ्याची खरी सुगी.

बिलाच्या एका ओळीत सहसा तारीख, गाव, मृताचं नाव, मैल आणि रक्कम असते. काहींत मृत्यूचं कारणही दोन शब्दांत. कारण नसेल, गाव पुसलेलं असेल, तरी रक्कम बोलते. समजा रक्कम १ पौंड १० शिलिंग ६ पेन्स आहे. पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स. २० शिलिंग फी वजा केली की उरतात १० शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १२६ पेन्स. भागिले ९, म्हणजे १४ मैल. कोरोनर कुठल्या गावी राहत होता ते माहीत असलं, की त्या काळच्या रस्त्यांनी १४ मैलांवर कोणती गावं येतात ते नकाशावर बघायचं आणि त्या तीन-चार पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, दफनवह्या त्या आठवड्यापुरत्या चाळायच्या. हा हिशेब आम्हाला अनेकदा गावापर्यंत घेऊन गेला आहे. १८३७ पासून फीत ६ शिलिंग ८ पेन्सची भर पडली, म्हणून त्यानंतरच्या बिलात आधी १ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स वजा करायचे. त्याच सुमारास, १८३६ च्या कायद्याने, साक्ष देणाऱ्या डॉक्टरला १ गिनी आणि शवविच्छेदनही केलं तर २ गिनी मिळू लागल्या. गिनी म्हणजे २१ शिलिंग. खर्चाच्या यादीत डॉक्टरपुढे २ पौंड २ शिलिंग दिसले, की शवविच्छेदन झालं होतं हे कळतं, डॉक्टरचा अहवाल कधीच नाहीसा झालेला असला तरी.

गठ्ठा कोणत्या सत्राचा मागवायचा, इथे बरेच जण फसतात. क्वार्टर सेशन्स वर्षातून चारदा भरत: एपिफनी (जानेवारी), ईस्टर (मार्च-एप्रिल), मिडसमर (जून-जुलै) आणि मिकलमस (सप्टेंबर-ऑक्टोबर). कोरोनर दर वेळी बिल टाकेलच असं नाही. सहा महिन्यांचं, वर्षाचं एकदम टाकणारेही होते. मृत्यूनंतरची निदान पाच-सहा सत्रं बघितल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नये. बिल सत्राच्या गठ्ठ्यात नसेल तर काउंटीच्या खजिनदाराच्या हिशेबात आणि त्याला जोडलेल्या पावत्यांत बघावं. न्यायदंडाधिकारी खर्चाला कात्रीही लावत. मृत्यू नुसता अचानक झाला, त्यात हिंसा नव्हती, मग चौकशी कशाला, असं म्हणून ओळ खोडलेली दिसते. खोडलेली ओळसुद्धा आपल्या कामाची. चौकशी झाली होती एवढं ती सांगतेच. पण या दडपणामुळे काही ठिकाणी चौकश्या मुळात झाल्याच नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणखी एक खाचखळगा हद्दीचा. काउंटीचा कर न भरणारी शहरं आणि विशेष अधिकाराच्या जहागिऱ्या यांचे कोरोनर वेगळे असत, आणि त्यांची बिलं काउंटीकडे यायचीच नाहीत. लंडनचं वेस्टमिन्स्टर हे ठळक उदाहरण. तिथला कोरोनर वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या चर्चचे डीन आणि चॅप्टर, म्हणजे प्रमुख आणि त्यांचं धर्माधिकारी मंडळ, नेमत, म्हणून १७६० नंतरच्या तिथल्या चौकश्या मिडलसेक्स काउंटीच्या दप्तरात न जाता अ‍ॅबीच्या दफ्तरखान्यात राहिल्या, आणि त्यामुळेच टिकल्या. १७९९ पर्यंतच्या आता डिजिटल रूपात वाचता येतात. मृत्यूचं गाव नक्की कुणाच्या हद्दीत होतं हे आधी काढलं, तर कित्येक आठवडे वाचतात.

प्रत्यक्ष गठ्ठा समोर आला की घाई करू नये. इन्क्विझिशनचं चर्मपत्र तीन-चार घड्या घालून ठेवलेलं असतं आणि पाठीवर नाव नि वर्ष. दोनशे वर्षांची घडी एकदम सरळ केली तर ती ताठ कातड्यासारखी उसळते आणि कडेला चीर जाते. एक घडी उघडायची, वजनाची कापडी साखळी ठेवायची, थोडं थांबायचं, मग दुसरी. आत वर सुबक अक्षरात मजकूर, त्यात रिकाम्या सोडलेल्या जागा नंतर भरलेल्या, आणि खाली दोन-तीन रांगांत नावं. प्रत्येक नावापुढे लाखेचा लहान ठिपका. निम्म्या नावांच्या मधोमध एक फुली आणि आजूबाजूला कारकुनाच्या हाताने ‘यांची खूण’. फुल्याही सारख्या नसतात. एखादी दाबून ओढलेली, एखादी थरथरती. सह्यांतल्या नावांवरून मृत माणसाचे शेजारी कोण होते ते कळतं, आणि मृताचं नाव अनोळखी असेल तेव्हा हीच नावं गाव पक्कं करून देतात.

चर्मपत्र टिकतं आणि जोडलेली जबानी टिकत नाही, याचं कारण शाईत आहे. मायफळ आणि लोहक्षाराची शाई आम्लधर्मी असते. कागद तिने करपतो, अक्षराच्या जागी भोकं पडतात. चर्मपत्र तयार करताना चुना वापरलेला असतो, त्यामुळे ते आम्ल बरंच सोसतं. पण ओलीपुढे चर्मपत्राचाही निभाव लागत नाही: ते आक्रसतं, पानं एकमेकांना सरसासारखी चिकटतात. गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं पान घासून, धूळ बसून काळं पडलेलं असतं. त्यामुळे सत्रातली पहिली नि शेवटची चौकशी वाचता येत नाही असं पुष्कळदा होतं. काही पानांवर तपकिरी डाग दिसतात. एकोणिसाव्या शतकात पुसट अक्षर उठावं म्हणून वाचकांनी मायफळाचा अर्क लावला. त्या दिवशी अक्षर उठलं आणि पुढे सगळी जागाच काळवंडली. अशा पानाला अतिनील दिवा मागावा. त्या प्रकाशात चर्मपत्र उजळतं, शाई काळी दिसते, आणि साध्या डोळ्यांना न दिसलेलं नाव कधीकधी हाती येतं.

१८६० मध्ये काउंटी कोरोनरांना फीऐवजी पगार सुरू झाला. पगार ठरवायला मागच्या पाच वर्षांच्या चौकश्यांची सरासरी धरली. कारभाराच्या दृष्टीने सुधारणा चांगलीच होती, पण चौकशीगणिक बिल टाकायचं कारण संपलं आणि त्याबरोबर क्वार्टर सेशन्समध्ये कागद पोचायचंही थांबलं. कोरोनर बहुधा वकील असायचा. फायली त्याच्या खासगी कचेरीत, घरमालकांच्या खरेदीखतांशेजारी, पडून राहिल्या. त्याच्यानंतर आलेल्या कोरोनरने त्या मागितल्या तर दिल्या, नाहीतर तिथेच. कचेरी हलली, भागीदारी मोडली, माळा रिकामा केला की गेल्या. म्हणून १८७० ची चौकशी शोधताना कॅटलॉगमध्ये ‘कोरोनर’ या शब्दाबरोबर त्या माणसाचं आडनाव आणि त्याच्या वकिली पेढीचं नावही टाकून बघावं. काउंटी रेकॉर्ड ऑफिसकडे पेढीच्या कागदांत मिसळून आलेल्या फायली अशाच सापडतात. डॉक्टरांची फी, खोलीचं भाडं असा किरकोळ खर्च मात्र कोरोनर पगाराच्या काळातही मागत राहिला, त्याच्या याद्या आधी क्वार्टर सेशन्सच्या आणि १८८९ नंतर काउंटी कौन्सिलच्या हिशेबात बघाव्यात. इथेही पैशानेच वाट ठेवली आहे.

या काळातला दुसरा आधार वर्तमानपत्रं. १८५५ मध्ये वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक कर उठला आणि गावोगावी साप्ताहिकं निघाली. म्हणजे फायली हरवायला लागल्या त्याच्या जरा आधीच वार्ताहर चौकशीत येऊन बसू लागले. जबान्या त्यांनी उतरवून घेतल्या, कधी मूळ कागदापेक्षाही सविस्तर. १९२६ च्या कायद्याने सक्ती सैल होईपर्यंत ज्यूरीला मृतदेह स्वतः पाहावा लागे, म्हणून चौकशी एक-दोन दिवसांतच उरकायची, आणि बातमी त्या आठवड्याच्या किंवा पुढच्या अंकात येते. मृताच्या नावाने शोधून भागत नाही, कारण जुन्या छपाईचं यंत्रवाचन नावं हमखास बिघडवतं. कोरोनरचं आडनाव, गाव, आणि ज्या पबमध्ये चौकशी बसली त्या पबचं नाव घालून शोधावं. बातमी सापडली तरी तहकुबीनंतरचा अंक विसरू नये. निर्णय बहुधा त्यात असतो.

विसाव्या शतकातल्या फायलींबद्दल नियम काय म्हणतो ते वेगळं. कोरोनरने चौकशीचे कागद निदान १५ वर्षं ठेवायचे असतात. पुढे निवडक ठेवून बाकीचे काढून टाकता येतात. १९५८ च्या पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली ही सरकारी दप्तरं, ती स्थानिक रेकॉर्ड ऑफिसमध्ये जातात आणि साधारण ७५ वर्षं बंद असतात. त्याआधी बघायला कोरोनरची परवानगी लागते. त्यामुळे उत्तर ‘नाही’ आलं की ते कुठलं ‘नाही’ ते लेखी विचारून घ्यावं. कागद कधी तयारच झाला नव्हता, तयार झाला पण दप्तरात जमा झाला नाही, जमा होऊन छाटला गेला, की आहे पण बंद आहे? चारही वेळा कॅटलॉगमध्ये सारखंच काही दिसत नाही, पण शेवटच्या प्रकारात नुसता अर्ज करायचा असतो. फाइल छाटली असली तरी कोरोनरची नोंदवही पुष्कळदा ठेवलेली असते. नाव, वय, तारीख आणि निर्णय एवढं तिच्यात मिळतं.

बिलांत एक ओळ वारंवार येते: एक पुरुष, नाव माहीत नाही, नदीत सापडला. तिथे नावाचा शोध संपल्यासारखा वाटतो. आम्ही त्या ओळीवरून तीन टिपणं करतो. मैलांवरून गाव. गावावरून त्या आठवड्याची दफनवही, जिच्यात तोच माणूस ‘अनोळखी, बुडालेला’ म्हणून दिसतो. आणि नदीच्या वरच्या अंगाच्या पॅरिशांत त्याआधीच्या महिन्या-दोन महिन्यांत कोण बेपत्ता झालं याची वर्तमानपत्रातली जाहिरात. प्रत्येक पायरीला कोणतं सत्र, कोणता गठ्ठा, कितवं पान बघितलं ते लिहून ठेवतो, काही मिळालं नाही तरी. तोच गठ्ठा पुढे दुसरा कुणी वेगळ्या माणसासाठी मागवतो, आणि त्याच्याजवळ असतं बेपत्ता माणसाचं नाव.